अलकासाठी धुतलेला मासा

मीनूचा फोन आला तेव्हा मी बाजारात मासेवालीपुढे उकिडवी बसले होते. रोहूचे कल्ले उचलून लाल आहेत की फिकट ते पाहत होते आणि भाव उतरावा म्हणून उगाच तोंड वाकडं करत होते. मीनू म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची, अलकाची मुलगी, माझी भाचीच म्हणा. इतक्या सकाळी ती मला कधी फोन करत नाही. उचलला तर म्हणाली, "मावशी, मम्मी नहीं रही." झोपेतच गेली होती. आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं होतं, आणि विषय काय, तर उन्हाळ्यात दह्याला विरजण किती लावायचं. मासेवाली तराजू उचलून विचारत होती, "तउल दँव का दीदी?" मी हातातला मासा तिच्या टोपलीत ठेवला, उठले आणि तशीच ऑटोत बसून शंकर नगरला गेले. फाटकातून आत शिरल्यावर आधी अंगणातल्या नळाखाली हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. आत माणसं जमलेली, रडण्याचा आवाज येत होता, आणि मी बाहेर हात चोळत उभी. माशाचा वास घेऊन अलकापुढे जायचं नाही ही माझी शाळेपासूनची सवय. त्या दिवशीही ती सुटली नाही.

ती गेल्यावर वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. नव्या रायपुरातल्या ज्या संस्थेत ती संशोधन करायची तिथे शोकसभा झाली, तिथे सगळे चांगलंच बोलले. तिचा हसरा स्वभाव, तिचे विद्यार्थी, तिची चिकाटी. शिळा माल ओळखणाऱ्या तिच्या त्या लेबलाचा विषय निघाला की मात्र प्रत्येकाचा आवाज जरा खाली यायचा. प्रयोग शेवटपर्यंत जमला नाही, पण मॅडमनी जिद्द सोडली नाही, अशा सुरात. मीही पहिल्या रांगेत बसून मान हलवली. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला तिच्याविषयी एक ओळही पुढे लिहिता येत नाही. अलकाच्या प्रयोगात जी गफलत होती, जिच्यापायी तिनं शेवटची दोन वर्षं स्वतःला बोल लावला, ती तिची नव्हतीच. ती माझ्या हातून झाली होती. प्रेमापोटी झाली, नकळत झाली, हे सगळं खरं... पण झाली.

आम्ही एका बाकावर बसायचो. माझे बाबा रेल्वेत, अकोल्याकडून बदली होऊन इथे आलेले. तिचं घराणं भोसल्यांच्या अमलापासून रायपुरातलं, इतकं जुनं की त्यांच्या घरच्या मराठीत छत्तीसगढी शब्द कधी येऊन बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांच्याकडे चातुर्मासात कांदाही आत येत नसे. आमच्याकडे रविवारी मासा नसला तर बाबांना वार चुकल्यासारखं वाटायचं. सोमवारी मी उरलेलं कालवण पोळीबरोबर डब्यात नेलं की अलका श्वास रोखून जेवायची. खरंच रोखून! गाल फुगवून, डोळे मोठे करून, घास गिळला की भसकन सोडायची. मास्तरीणबाईंनी तिला दुसऱ्या बाकावर जायला सांगितलं, तर म्हणाली, "नाही बाई, मले इथंच बरं वाटते." मग मीच सोमवारी बटाट्याची भाजी नेऊ लागले. आईला कारण सांगितलं नाही. आमच्या मैत्रीत हे असंच चालायचं. तिनं तक्रार करायची नाही आणि मी गुपचूप काहीतरी करून टाकायचं.

पुढे ती रसायनशास्त्र शिकली, शिकवू लागली आणि मग नव्या रायपुरात गेली. मी लग्न करून पुरानी बस्तीत आले, आमचे हेही रेल्वेतलेच. तिचे यजमान लवकर गेले, मीनूला तिनं एकटीनं वाढवलं. त्या मीनूलाच लहानपणी एकदा बंद पाकिटातल्या पनीरनं आजारी पाडलं होतं. पाकिटावरची तारीख उलटायला अवकाश होता, तरी आतलं पनीर बिघडलेलं. अलका ते पाकीट हातात नाचवत आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. "तारीख छापणाऱ्याले काय माहीत, गाडी उन्हात किती वेळ उभी होती? आतल्या मालानं स्वतःच सांगितलं पायजे ना, की मी आता बिघडलो!" मी म्हटलं, "मग त्याले तोंड दे तू." ती म्हणाली, "देतेच." आणि पुढची कितीतरी वर्षं ती तेच करत राहिली.

तिचं लेबल मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या पर्समध्ये. पातळ, पारदर्शक पापुद्रा, नखाएवढा, आणि रंग असा निळा की हातात घेऊन बघतच राहावं. तो रंग तिच्या कुंपणावरच्या गोकर्णीच्या फुलांचा. फुलांचा अर्क काढून तो पॉलिमरमध्ये मिसळायचा आणि त्याची फिल्म ओतायची. मासा, मटण असलं काही शिळं होऊ लागलं की त्यातून अमोनियासारखा वायू सुटतो, तो लागला की निळं लेबल हिरवं पडतं. पाकिटाच्या आतून चिकटवायचं, गिऱ्हाइकानं बाहेरून बघायचं, निळं असेल तर घ्यायचं, हिरवं असेल तर ठेवून द्यायचं. मला शाळेत रसायनशास्त्रात काठावर मार्क, पण हे मला लगेच समजलं. फिल्म बळकट व्हावी म्हणून ती त्यात जो एक पदार्थ घालायची तो कोळंबीच्या कवचापासून निघतो, हे कळल्यावर मी तिला सोडलं नाही. "चातुर्मासातही चालते का गं हे?" असं चार बायकांत विचारायची. ती म्हणायची, "शोभे, विज्ञानाले सोवळं नसते, तू पोळ्या लाट."

अडचण अशी होती की लेबलाची कसोटी माशावरच चांगली लागते, आणि तिच्या प्रयोगशाळेत मासा हाताळणारं कोणी नव्हतं. तिचे सहकारी साहू सर कबीरपंथी, त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कोणी मांसमच्छी शिवलेली नाही. विद्यार्थीही योगायोगानं तसलेच. अलकानं एकदा स्वतः मासा विकत आणायचा प्रयत्न केला आणि बाजारातून रिकाम्या हातानं, पांढऱ्या चेहऱ्यानं थेट माझ्याकडे आली. पाणी प्यायली. म्हणाली, "शोभे, मले मासा पायजे. तू आणून देशील? खवले काढ, तुकडे कर, धुऊन दे. मसाला लावू नको." मी हसले. "मी काय तुझ्या लॅबमध्ये रस्सा पाठवून राहिली का?" ठरलं. तेव्हापासून आठवड्यात एखादी सकाळ मी तिच्यासाठी बाजारात जाऊ लागले. ती गाडी घेऊन यायची, मी बर्फाच्या पेटीत स्टीलचा डबा ठेवून पायाशी घेऊन बसायची, आणि त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून आम्ही दोघी नव्या रायपूरला जायचो. खिडक्या बंद, गप्पा चालू. माझ्या आयुष्यातल्या त्या फार सुखाच्या सकाळी होत्या.

आता डब्यातल्या माशाचं सांगते. आमच्याकडे मासा कापला की त्याला मीठ आणि लिंबू चोळायचं, थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि मग पाणी बदलून बदलून धुवायचा. आई असंच करायची, सासूबाईही असंच करायच्या. त्यानं उग्र वास जातो. याला आम्ही काही वेगळं नावही देत नाही, तांदूळ धुताना पाण्यात हात फिरवतो तसं ते आहे. घरच्यासाठी मी अर्धं लिंबू वापरते. अलकाच्या डब्याला मात्र सढळ हातानं पिळायची, तुकड्यांच्या कडाकडांतून, पोटाकडच्या पातळ भागाला, सालीच्या आतून. तिला तो डबा उघडायचा होता ना. गाल फुगवून श्वास रोखणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे असायची. माझ्या मैत्रिणीला त्रास नको, एवढंच माझ्या मनात होतं. त्यात तिला सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आणि तिथे प्रयोगशाळेत काय होत होतं ते मला साहू सरांनी आता समजावून सांगितलं. लिंबाचा आंबटपणा तो वायू धरून ठेवतो, बाहेर येऊ देत नाही. मासा आतून बिघडत जायचा, त्यांच्या चाचण्यांत जंतू वाढलेले दिसायचे, पण लेबल आपलं निळंच. मग अलकानं काय केलं, तर आपलं लेबलच मंद आहे असं मानलं आणि ते तिखट करत नेलं. अर्क वाढवला, फिल्म पातळ केली, जरासा वायू लागला तरी रंग बदलेल इतकी ती नाजूक केली. होता होता एक दिवस माझ्या माशावर ते बरोबर वेळेवर हिरवं पडू लागलं. त्या दिवशी ती पेढे घेऊन आमच्याकडे आली होती. माझ्या ह्यांना म्हणाली, "भाऊजी, यात अर्धं काम तुमच्या बायकोचं आहे." मला इतकं फुलून आल्यासारखं झालं होतं! मी ते शेजारीपाजारी सांगत फिरले.

शहरातला एक व्यापारी मासे पॅक करून मॉलमध्ये देत असे, त्यानं ते लेबल वापरून पाहायचं कबूल केलं. त्याच्या पाकिटातला मासा साध्या पाण्यानं धुतलेला, कोणी लिंबू लावलेलं नाही. दुकानाच्या कपाटात पाकिटं लागली आणि संध्याकाळच्या आत सगळी लेबलं हिरवी. आतला मासा उत्तम, खाण्यासारखा. लोक पाकीट उचलायचे, उलटं करायचे आणि नाक मुरडून ठेवून द्यायचे. व्यापाऱ्यानं अलकाला तिथे बोलावून घेतलं आणि गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "मैडम, आपने हमारा माल बेचने के लिए बनाया है या बदनाम करने के लिए?" हे मला तिनं सांगितलं नाही, मीनूकडून कळलं. मला ती एवढंच म्हणाली, "फसलं गं." आणि विषय बदलून नात्यातल्या एका भाचीच्या लग्नाबद्दल बोलू लागली.

मग तिची शोधाशोध सुरू झाली. आधी वाटलं प्लास्टिकमध्ये काही असेल. मग पाण्यात. मग हवेतल्या दमटपणात. प्रत्येक वेळी ती नवी फिल्म करायची, माझा मासा घ्यायची, माझ्या माशावर लेबल अगदी शहाण्यासारखं वागायचं आणि बाहेरच्या माशावर पुन्हा तेच. एकदा गेले तर कुंपणावरची गोकर्णी मुळासकट उपटून टाकलेली. "फुलांत दोष असंल," म्हणाली, "दुसरीकडून मागवते." तिच्या आईनं लावलेला वेल होता तो. मातीनं माखलेली मुळं तिथेच पडली होती आणि ती त्यांच्याकडे न बघता मला चहा विचारत होती. हळूहळू तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत जायची. भाजीत मीठ घातलं का, मला चाखून पाहायला लावायची. आमच्या मराठी मंडळात दरवर्षी मुलांसमोर ती विज्ञानावर बोलायची, त्या वर्षी नाही म्हणाली. "मी काय सांगणार? मलेच काही येत नाही." मी रागावले तिच्यावर. चांगलं खडसावलं, असं रडगाणं काय गाते म्हणून. आता ते आठवलं की माझे कान तापतात.

आणि एक दुपार आहे, ती तर मला झोपू देत नाही. अलका आमच्या ओट्यावर बसली होती, मी हरभरे सोलत होते. अंदाज घेत घेत म्हणाली, "शोभे, एक विचारू? राग मानू नको. तू माशाले काही करत नाहीस ना?" मी मान वर केली. "काही म्हणजे?" "म्हणजे... काही लावत, घालत..." बस. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं पहाटे उठून बाजारात जाते, काटे हाताला टोचून घेते, बर्फ वाहून नेते, आणि ही मलाच विचारून राहिली! मी म्हटलं, "काय घालणार आहे मी? विष? धुऊन देते, तू सांगितलं तसं. पटत नसंल तर दुसरी पाहून घे." ती एकदम उठली. माझा हात धरला, "अगं काहून इतकी चिडते, मी सहज विचारलं." मी हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली आणि दारातच म्हणाली, "माफ कर. मी असं विचारायला नको होतं तुले." मी मोठ्या मनानं माफ केलं. पोहे केले, खाऊ घातले. पोह्यांवर लिंबूही पिळलं.

मी खोटं बोलले नव्हते, हे मी शपथेवर सांगते. तिनं विचारलं त्या क्षणी मला लिंबू आठवलंच नाही. मसाला आठवला, हळद आठवली, लिंबू नाही. ते माझ्या हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं. पण मी जरा थांबले असते, सोलता सोलता नुसतं म्हटलं असतं, "काही नाही गं, मीठ-लिंबू चोळते आणि धुते," तर अलका त्या ओट्यावरच टुणकन उभी राहिली असती. मला गाढवे म्हणाली असती. डोक्याला हात लावून हसली असती आणि चप्पल न घालता गाडीकडे धावली असती. एवढंच करायचं होतं मला. एका वाक्याचं काम होतं, आणि माझ्या रागानं ते तिच्या तोंडावर बंद करून टाकलं. त्यानंतर तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. मला दुखवण्यापेक्षा तिनं दोष स्वतःकडे घेतला, शाळेत श्वास रोखून बसायची तशी.

ती गेल्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे मासा झाला नाही. कोणी ठरवून नाही, मला बाजाराकडे वळावंसंच वाटेना. शेवटी एका रविवारी हे स्वतःच जाऊन मासेवालीकडून तुकडे करवून घेऊन आले आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. माझ्याकडे अलकानं दिलेले लेबलाचे थोडे तुकडे पडून होते. "तुझ्या फ्रिजमध्येही लावत जा, गंमत पाहा," असं म्हणून तिनं ते दिले होते आणि मी कधी लावले नव्हते. त्या दिवशी मनात आलं, तिच्या आठवणीसाठी एक लावावा. झाकणाच्या आतून चिकटवला आणि मी पूजेला बसले. नंतर डबा काढला तर लेबल हिरवंगार. मासा तर ताजा होता, तुकडे मी स्वतः दाबून बघितले होते. मला अलकाची फार कीव आली... बिचारीचं खरंच जमलं नव्हतं, असं वाटलं. मग नेहमीसारखं मीठ-लिंबू चोळलं, धुतला, डब्यात भरला. हिरवा तुकडा काढून दुसरा लावला, झाकण घातलं आणि कांदा चिरायला घेतला. वाटण झालं, कढईत तेल तापलं, झाकण उघडलं. लेबल निळं होतं. तिच्या पर्समध्ये पहिल्यांदा पाहिलं होतं तितकं निळं.

मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले. ओट्यावर लिंबाची सालं पडली होती. मग साहू सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच नुसता "हव... हव..." असा होकार भरत होते. मग विचारलं, "दीदी, हर बार लगाती थीं? नींबू?" मी म्हटलं, "हर बार." मला वाटलं आता हा माणूस मला बोलेल, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते, मला ते हवंच होतं. तर ते म्हणाले, "दीदी, मतलब मैडम की फिल्म ठीक है! शुरू वाली फिल्म बिल्कुल ठीक थी!" ते आनंदले होते. लहान मुलासारखे आनंदले होते. मी फोन ठेवला आणि त्या आनंदासाठी त्यांचा मला इतका राग आला, की तो कुणावर काढावा ते कळेना.

मीनूला जाऊन सांगितलं. समोर बसवून, पहिल्यापासून, ओट्यावरच्या दुपारसकट. ती रडेल, भांडेल, निदान उठून आत तरी जाईल असं वाटलं होतं. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, आपने तो मम्मी के लिए ही किया न. आप क्यों रो रही हैं?" मी म्हटलं, "अगं पण तुझी आई दोन वर्षं स्वतःले मूर्ख समजत राहिली!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती पुन्हा तेच म्हणाली, आपकी कोई गलती नहीं. सगळे असंच म्हणतात. हे म्हणतात, साहू सर म्हणतात, शेजारच्या बायका म्हणतात. जो तो माझी समजूत घालायला बसलेला. मला समजूत नको आहे. मला कोणीतरी खडसावायला हवं आहे, आणि तो हक्क ज्या एका बाईचा होता ती आता नाही.

साहू सरांनी काम पुन्हा हाती घेतलं आहे. जुन्या, सौम्य फिल्मपासून सुरुवात करणार. त्यांनी मला विचारलं, "दीदी, फिर से मछली ला देंगी? इस बार बिना कुछ लगाए." नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे नव्हतं. मागच्या आठवड्यात गेले बाजारात. मासा आणला, कापला, नुसत्या पाण्यानं धुतला. हात आपोआप लिंबांच्या टोपलीकडे जात होता, तो मागे घेतला. गाडी आता कोण आणणार, बसनंच गेले. बस जवळजवळ रिकामी, तरी शेजारची बाई नाकाला पदर लावून पुढच्या सीटवर जाऊन बसली. पेटीतून वास येतच होता. तो अलकाच्या गाडीत कधी आला नव्हता.

प्रयोगशाळेत तिचं टेबल अजून तसंच आहे. साहू सरांनी खण उघडून तिच्या वस्तू माझ्यापुढे ठेवल्या, मीनूला देण्यासाठी. चष्मा, पेनं, एक कंगवा, आणि सर्दीवर लावायच्या बामाची एक छोटी डबी. मी ती उघडली. वर बोट फिरल्याची एक खूण, बाकी भरलेली, सुकून तडकलेली. ही कशाला, मी विचारलं. अलकाला कधी सर्दी व्हायची नाही. साहू सर म्हणाले, "वो मछली के लिए लाई थीं, नाक के नीचे लगाने को. पहले दिन लगाया, बस. फिर बोलीं, इसकी जरूरत ही नहीं है, मेरी शोभा की मछली में बास नहीं आती. सबको दिखाती थीं डिब्बा खोल के, देखो, बोलती थीं, कितने प्यार से धोती है."

मी तिच्या खुर्चीवर बसले. साहू सर पेटीतून डबा काढत होते. झाकण उचललं तसे ते दचकून मागे झाले आणि त्यांनी मनगट नाकावर धरलं. मीनूला द्यायच्या वस्तू मी पिशवीत भरल्या. डबी तेवढी ठेवली, टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.

"ही राहू द्या," मी म्हटलं, "आता लागेल."